ज्युदोतला दम मॅटवरच मोजावा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी सोळा वर्षांची, ५२ किलो गटात खेळते. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर तिला २.४ किलोमीटर पळवलं, वेळ जास्त लागली, आणि ‘हिचा दम कमी आहे’ म्हणून आता रोज पहाटे पळायला लावलंय. ज्युदोचा दम तपासायची खरी चाचणी कोणती, असं तुम्ही विचारलंय. नाशिकमध्येच वीसेक वर्षं मुलींना ज्युदो शिकवते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पळण्यात वाईट काही नाही, पण त्यावरून ज्युदोचा निकाल लावणं चूक आहे. लढत चार मिनिटांची, बरोबरी होऊन गोल्डन स्कोअरला, म्हणजे जादा वेळेत गेली तर कितीही लांबते. त्यात वीस-तीस सेकंद जीव तोडून झटापट, मग पंचांचं ‘माते’, म्हणजे ‘थांबा’, झालं की जेमतेम दहा सेकंद उसंत, की पुन्हा झटापट. पकडीसाठी हात सतत आवळलेले. एका लयीत पळताना यातलं काहीच घडत नाही. मला स्वतःला एका निवड शिबिरातून निव्वळ पळण्याच्या वेळेवरून घरी पाठवलं होतं. मॅटवर कुणी पाहिलंच नाही. त्यामुळे तुमच्या मुलीला काय वाटत असेल ते मला चांगलंच कळतं.

ज्युदोसाठी जगभर वापरतात ती ‘स्पेशल ज्युदो फिटनेस टेस्ट’. पोलंडच्या स्टानिस्लाव स्टेरकोविच यांनी ती १९९५ मध्ये मांडली. सहा मीटर अंतरावर दोन उके, म्हणजे थ्रो घेणाऱ्या जोडीदार, उभ्या करायच्या, उंची-वजनाने मुलीच्या जवळपासच्या. मुलगी मधोमध. शिट्टी झाली की एकीकडे धावत जाऊन इप्पोन सेओई नागे, म्हणजे खांद्यावरून फेकायचा थ्रो, मग दुसरीकडे, पुन्हा पहिलीकडे. आधी १५ सेकंद, मग ३० आणि पुन्हा ३०, मध्ये दहा-दहा सेकंदांची विश्रांती. शेवटचा थ्रो झाल्या झाल्या हृदयाचे ठोके मोजायचे, बरोबर एक मिनिटानं परत मोजायचे. दोन्ही आकड्यांची बेरीज करून एकूण थ्रोंनी भागायची. येणारा निर्देशांक जितका कमी तितकं चांगलं. समजा थ्रो ५, १० आणि ९ म्हणजे २४ झाले, ठोके १८६ आणि १५८, तर ३४४ भागिले २४, म्हणजे १४.३३.

इथे बरेच जण फसतात. दुसऱ्या मुलीचे थ्रो २२ आणि ठोके १७४ आणि १४१ असतील, तरी उत्तर १४.३२ येतं. कागदावर दोघी सारख्या. प्रत्यक्षात दुसरी हळू आहे किंवा तिनं पूर्ण जोर लावलाच नाही, आणि पहिली जोरकस आहे पण लवकर सावरत नाही. दोघींना सराव वेगळा द्यायला हवा. म्हणून मी तिन्ही टप्प्यांचे थ्रो आणि दोन्ही वेळचे ठोके वहीत सुटे लिहून ठेवते. दोन ३० सेकंदांच्या टप्प्यांत आकडा किती घसरला, यावरून मला सर्वांत जास्त कळतं.

निर्देशांक चांगला की वाईट ते सांगणारे मुलग्यांचे तक्ते मुलींना लावू नका, आणि मोठ्या बायकांचे तक्तेही सोळा वर्षांच्या मुलीला लावू नका. कोवळ्या वयात ठोके मुळातच जास्त वाढतात. वजनाचंही तसंच आहे. ४८ किलोत खेळणारी सुशीलादेवी आणि ७८ किलोवरच्या गटातली तुलिका मान, दोघींनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य मिळवलं, पण दोघींकडून सारख्याच थ्रोंची अपेक्षा कोण करेल? तुमच्या मुलीची तुलना तिच्याच मागच्या आकड्यांशी करा. त्यासाठी उके त्याच, वेळ तीच, मॅटही तीच ठेवा, नाहीतर वहीतल्या आकड्यांना अर्थ राहत नाही. पहिली चाचणी हिशोबात धरू नका, ती नुसती ओळखीपुरती. मनगटी घड्याळ झटापटीत दगा देतं, छातीचा पट्टा मिळाला तर उत्तम.

पकडीसाठी सोपी चाचणी आहे. बारवर ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा जाड अंगरखा, टाका, त्याच्या दोन्ही लॅपल, म्हणजे पुढच्या पट्ट्या, धरून कोपर वाकवलेल्या स्थितीत किती सेकंद लटकते ते मोजा. माझ्या अनुभवात मुलींच्या लढती इथेच जास्त हातच्या जातात आणि सरावात याकडेच सर्वांत कमी लक्ष असतं.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. माझ्याकडच्या एका मुलीचे थ्रो दोन महिन्यांत २६ वरून २३ वर आले, ठोके मात्र वाढले. सगळे म्हणाले, आळस करते. मीही तिला रागावले, त्याचं आजही वाईट वाटतं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.२. या वयाच्या मुलींत १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, जेवण सुधारलं, आणि पुढच्या काही महिन्यांत ती पूर्ववत खेळायला लागली. तेव्हापासून थ्रोंच्या शेजारी पाळीची तारीख, वजन आणि झोपेचे तासही लिहायची सवय मी मुलींना लावली. यात लाजण्यासारखं काही नाही, आईनं आधी बोललं तर मुलगीही बोलते. वजन उतरवायच्या आठवड्यात ही चाचणी घेऊच नका, उपाशी शरीराचा आकडा खरा नसतो. आणि ५२ मध्ये बसण्यासाठी ती जेवण तोडत असेल, तीन महिने पाळी आली नसेल, तर चाचणी बाजूला ठेवा आणि आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या.

पहाटेचं पळणं आठवड्यातून दोनदा पुरे. बाकीचे दिवस सरांशी बोलून ३० सेकंद उचीकोमी (न फेकता थ्रोच्या प्रवेशाचा पुन्हा पुन्हा सराव), १० सेकंद विश्रांती, असे फेरे मॅटवर सुरू करा. हिमोग्लोबिन मात्र याच आठवड्यात तपासून घ्या. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा चाचणी झाली की तिन्ही टप्प्यांचे थ्रो आणि दोन्ही वेळचे ठोके इथे लिहा, मी बघते.