आंग्र्यांच्या घराण्यात ‘सरखेल’ (आरमाराचा प्रमुख) हा किताब वंशपरंपरेने चालत होता का? कान्होजींनंतर तो कोणाला मिळाला?

हो, किताब घराण्यातच राहिला, पण आपोआप थोरल्या मुलाकडे जात नव्हता. दर पिढीला छत्रपतींची मान्यता लागत असे. कान्होजींच्या मुद्रेतच हे दिसतं: आधी शाहू राजांची कृपा, मग तुकोजींचा पुत्र ही ओळख आणि त्यानंतर ‘कान्होजी सरखेल’. 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी त्यांना शाहूंच्या बाजूला वळवलं, तेव्हा आरमाराची सरखेली त्यांच्याकडे कायम झाली. 1729 ला कान्होजी गेले आणि त्यांचे पुत्र सेखोजी सरखेल झाले. ते 1733 मध्ये वारले आणि संभाजी-मानाजी या त्यांच्या भावांत भांडण पेटलं. खरं नुकसान इथे झालं. 1735 मध्ये बाजीरावांनी दौलत वाटून दिली: संभाजींकडे सरखेली आणि विजयदुर्ग, मानाजींकडे कुलाबा आणि ‘वजारतमाब’ हा वेगळा किताब. एकाच आरमाराचे असे दोन धनी झाले. संभाजींनंतर सरखेली त्यांचे भाऊ तुळाजी यांच्याकडे आली. 1756 मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून विजयदुर्ग घेतला, तुळाजी कैदेत गेले आणि ती शाखा संपली. आपलंच आरमार आपण इंग्रजांच्या मदतीने बुडवलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक लक्षात ठेवा: कुलाब्याची शाखा त्यानंतरही टिकली, 1840 मध्ये इंग्रजांनी ते संस्थान खालसा करेपर्यंत. त्यामुळे ‘1756 ला आंग्रे संपले’ हे विधान फक्त विजयदुर्गापुरतं खरं आहे.