मुद्द्याच्या विरोधात जाणारा संदर्भ सापडला तर लपवायचा का?

पीएचडी करणारी मुलं माझ्याकडे येतात ती झोप लागत नाही, घरी चिडचिड होते म्हणून, आणि पंधरा मिनिटं बोललं की कळतं मूळ दुखणं पेपरचं आहे. परवा एका ताईंनी विचारलं, "मॅडम, माझ्या मुद्द्याला छेद देणारा संदर्भ सापडलाय, तो दिला तर पेपर पडेल का?" त्यावरून ही केस आठवली. ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगी इतिहासाची, पेपर पुण्यातल्या मुलींच्या पहिल्या शाळांवर. आल्या आल्या पिशवीतून प्रिंटआऊट काढली, अकरा पानं, आणि म्हणाली गाईड म्हणतात वाचून पटत नाही, इतके संदर्भ देऊनही पटत नसेल तर मलाच लिहिता येत नाही, मी सोडून देते सगळं. मी तिला हायलायटर दिला, म्हटलं यातली फक्त तुझी स्वतःची वाक्यं रंगव. पहिल्या चार पानांत दोन वाक्यं पिवळी झाली. बाकी सगळं अमुक म्हणतात, तमुक यांच्या मते. तिला रडूच फुटलं. मी पाणी दिलं, काही बोलले नाही.

मग हळूच म्हणाली, अजून एक आहे, कुणालाच सांगितलं नाहीये. जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ ला हंटर कमिशनला, म्हणजे इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगाला, दिलेलं निवेदन तिने मुळातून वाचलं होतं, आणि त्यात फुले स्वतःच म्हणतात की मुलींची शाळा मी १८५४ च्या सुमारास काढली. हिचा अख्खा पेपर मात्र फुल्यांची मुलींची पहिली शाळा १८४८ ला भिडे वाड्यात निघाली यावर उभा. खुद्द फुल्यांचाच शब्द आपल्या विरोधात, म्हणून हिने ती ओळ गाळली आणि तेव्हापासून सेमिनारला कुणीतरी उठून नेमकं हेच विचारणार या धास्तीने झोप उडालेली.

मी विचारलं, तुला स्वतःला काय वाटतं, १८५४ बरोबर असेल?

"शक्यच नाही मॅडम! १६ नोव्हेंबर १८५२ ला विश्रामबागवाड्यात मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याच्या हस्ते त्यांचा सरकारी सत्कार झाला तो शाळांच्या कामासाठीच ना, मग पहिली शाळा १८५४ ला कशी निघेल? आणि ते 'सुमारास' म्हणतायत, इतक्या वर्षांनी आठवून सांगतायत." बोलता बोलता खुर्चीत पुढे सरकून बसली होती, रडू कुठच्या कुठे गेलं.

अगं मग हेच लिही की, याच क्रमाने. आधी तुझं म्हणणं, मग फुल्यांची ती ओळ जशीच्या तशी, मग ती का मानता येत नाही ते. वाचणाऱ्याला जी शंका येणार ती तूच आधी मांडलीस तर तो तुझ्यावर विश्वास ठेवतो. थोडा वेळ गप्प राहून तीच म्हणाली, पण मॅडम, सत्काराने १८५४ खोडलं जातं, १८४८ सिद्ध होत नाही, त्याला वेगळा पुरावा लागेल. मला इतका आनंद झाला ना! कुठला संदर्भ किती वजन पेलतो हे ज्याला कळतं त्याचं लिखाण पटतं, नुसती तळटिपांची रांग लावून पटत नाही. आणि ओळ अवतरणात दिली की सिमिलॅरिटी, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणारा भाग, वाढेल ही भीतीही काढली, कारण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत संदर्भासह दिलेलं अवतरण त्यात धरत नाहीत.

त्याच निवेदनातली आणखी एक गोष्ट मी तिला दाखवली. फुले सुरुवातीलाच सांगतात की माझा अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या गावांपुरता आहे, आणि मग निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी थेट मागणी करतात. मर्यादा आधी सांगितली म्हणून मागणी कुठे लेचीपेची झाली का? उलट हा माणूस पाहिलेलंच बोलतोय हे कळतं.

तर ताई, तुमचा तो संदर्भ गाईडना दाखवा, आणि दाखवण्याआधी तो तुम्हाला का पटत नाही ते चार ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहा. लिहिताच येत नसेल तर कदाचित तोच बरोबर असेल आणि मुद्दा बदलावा लागेल, तेही घाबरण्यासारखं नाही.

तिची झोप अजून पूर्ण सुधारलेली नाही. १८४८ साठी त्या काळचे कागद धुंडाळत असते, पेपर अजून गेलेला नाही. गेल्या वेळी नवीन ड्राफ्ट घेऊन आली, टेबलावर पसरला आणि हायलायटर तिनेच मागून घेतला.