पत्ता सांगायला शार्क

प्रश्न : चमत्कारिक, किंबहुना थट्टेखातर केलेली वाटावीत अशी सार्वजनिक शिल्पे उभी राहतात तेव्हा तक्रारींचा पाऊस पडतो, काही वर्षांनी मात्र लोक त्यांच्याच खुणेवरून पत्ता सांगू लागतात आणि ती हलवायची भाषा झाली की चवताळून उठतात. असे का होते? अशी शिल्पे ठरवून उभारता येतात का?

उत्तर : पत्त्याची खूण एका शब्दात सांगता यावी आणि ऐकणाऱ्याला ती चुकू नये, एवढीच आपली अपेक्षा असते, ती सुंदर असण्याशी कोणाला काही देणेघेणे नसते. घोड्यावर बसलेले सेनापती एकाच शहरात चार चौकांत सापडतील, पण छपरात डोके खुपसलेला शार्क एखाद्याच घरावर असणार.

असा शार्क इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या हेडिंग्टन या भागात खरोखरच आहे. एका साध्यासुध्या घराच्या छपरात ९ ऑगस्ट १९८६ रोजी, म्हणजे नागासाकीवरील अणुबाँबच्या ४१ व्या स्मृतिदिनी, जॉन बकली या शिल्पकाराने घडवलेला २५ फुटी फायबरग्लासचा मासा आभाळातून कोसळल्यासारखा बसवण्यात आला. घरमालक बिल हाइन यांना त्यातून अण्वस्त्रांविषयीचा संताप व्यक्त करायचा होता. नगर परिषदेने आधी तो धोकादायक असल्याचे म्हटले, मग परवानगी नसल्यावर बोट ठेवले आणि मध्येच तो एखाद्या सार्वजनिक जलतरण तलावात हलवण्याचीही तयारी दाखवली (मासा आहे म्हणजे पाण्यातच हवा, हा तर्क सरकारी खाक्याला शोभणारा खराच). प्रकरण केंद्र सरकारपर्यंत गेले आणि १९९२ मध्ये शार्कला अभय मिळाले. तो आजूबाजूच्या घरांशी मेळ खात नाही हे निकालात मान्य केले होते, पण मेळ खावा असा त्याचा हेतूच नव्हता, हेही त्यात स्पष्ट नोंदवले होते. पुढे २०२२ मध्ये त्याच परिषदेने शार्कला स्थानिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा हाइन यांच्या मुलानेच हरकत घेतली. लोकांनी कोणती कला पाहावी हे अधिकाऱ्यांनी ठरवू नये यासाठी वडील भांडले, आणि आता तेच अधिकारी त्यावर मान्यतेचा शिक्का मारत आहेत, असे त्याचे म्हणणे. मला ते पटते.

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात शिल्पकाराला न सुचलेले लोकांनी केले. आधुनिक कलादालनासमोर नेपोलियनला हरवणारा ब्रिटिश सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टन याचा १८४४ सालचा अश्वारूढ पुतळा आहे आणि १९८० च्या दशकापासून कोणी ना कोणी रात्री वर चढून त्याच्या डोक्यावर वाहतुकीचा शंकू ठेवत आले आहे. हे थांबवण्यासाठी २०१३ मध्ये चौथराच उंच करण्याचा बेत निघाला आणि लोकांच्या विरोधापुढे गुंडाळावा लागला. चारचौघांसारखा ड्यूक त्या टोपीमुळे शहराची ओळख बनला, आणि ही गोष्ट कोणत्याही समितीला ठरवून करता आली नसती.

ठरवून उभारलेले आणि तरीही रुजलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतील सिएटलच्या फ्रीमाँट भागातील ट्रोल, उत्तर युरोपच्या लोककथांतला पुलाखाली राहणारा राक्षस. पुलाखालच्या त्या जागेचा उकिरडा झाला होता. ती सुधारावी म्हणून तेथील कला मंडळाने स्पर्धा घेतली आणि १९९० मध्ये सुमारे १८ फूट उंचीचा हा ट्रोल पोलादी सळ्या, तारा व काँक्रीट यांतून साकारला. एका डोळ्याच्या जागी मोटारीच्या चाकावरची धातूची चकती बसवलेली आहे आणि डाव्या पंजाखाली खरीखुरी फोक्सवॅगन बीटल मोटार चिरडलेली आहे. त्याच्याभोवती कुंपण नाही. मुले त्याच्या बोटांवरून चढून खांद्यापर्यंत जातात, मोठी माणसे त्याच्या नाकपुडीशी उभी राहून छायाचित्रे काढतात. या मोकळेपणाची किंमतही मोजावी लागली : त्या मोटारीत ठेवलेला अमेरिकी गायक एल्विस प्रेस्लीचा अर्धपुतळा चोरीला गेला. ट्रोल मात्र जागचा हलला नाही, आणि २००५ पासून पुलाखालच्या त्या रस्त्याचे अधिकृत नावच ट्रोल अव्हेन्यू आहे.