टबचा नळ गळतोय म्हणून एफडी मोडायची?

प्रश्न : मनीष नगरात आमचा १२ वर्षं जुना फ्लॅट आहे. आधीच्या मालकांनी बाथरूममध्ये टब बसवलाय. त्याचा एका दांडीचा मिक्सर नळ दिवाळीपासून थेंब थेंब गळतोय. प्लंबर म्हणतो, टाइल्स फोडून भिंतीतली बॉडी बदलावी लागेल, १८,५०० रुपये. मिस्टर म्हणतात, एवढे घालवायचेच तर टब काढून अख्खं बाथरूम नवं करू. त्याचं कोटेशन १ लाख ७० हजार. त्यासाठी २ लाखांची, ७ टक्क्यांची तीन वर्षांची एफडी मोडायची म्हणतात. तिला ५ महिने उरलेत. माझा भाऊ म्हणतो, ७५० रुपयांचं कार्ट्रिज (नळाच्या आतला, पाणी सोडणारा-थांबवणारा भाग) आणा आणि घरीच बदला. घरात ७८ वर्षांचे सासरे आहेत, थंडीत त्यांच्यासाठी गिझर दिवसभर सुरू असतो. काय करावं?

उत्तर : ताई, भावाचं ऐका. आणि १८,५०० रुपयांचा पर्याय आधी बाजूला काढा, कारण आकडा छोटा दिसला तरी तिन्हींत तोच पूर्ण वाया जाणारा आहे. टब कधी ना कधी काढायचाच असेल, तर त्या भिंतीची तोडफोड तेव्हा होणारच आहे. मग आज तिच्यात साडेअठरा हजार कशाला गाडायचे?

आता गळतीची खरी किंमत बघू. नळाखाली एक लिटरचा मग ठेवा आणि तो किती वेळात भरतो ते बघा. समजा तासाला एक लिटर जातंय. म्हणजे दिवसाला २४ लिटर, महिन्याला साधारण ७२० लिटर. महापालिकेच्या पाणीबिलात एक युनिट १,००० लिटरचं असतं, म्हणजे महिन्याला एक युनिटही वाया जात नाही. बिलात हे जाणवणारसुद्धा नाही, आणि म्हणूनच लोक वर्ष-वर्ष नळ तसाच ठेवतात.

पण गळणारं पाणी गरम असेल तर हिशोब पार बदलतो. २४ लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला जवळपास एक युनिट वीज लागते. तुमचा गिझर दिवसभर सुरू, म्हणजे महिन्याला ३० युनिट. हे युनिट तुमच्या नेहमीच्या वापराच्या वर चढतात, त्यामुळे तुम्ही पोचता त्या सगळ्यात वरच्या स्लॅबचा दर त्यांना लागतो. युनिटला १० रुपये धरले तरी महिन्याचे ३०० झाले. कार्ट्रिजचे पैसे अडीच महिन्यांत वसूल.

पाणी कुठल्या बाजूचं गळतंय हे हात लावून ठरवू नका. गिझर बंद करा, त्यात पाणी जातं तो इनलेटचा कॉक बंद करा आणि पंधरा मिनिटं थांबा. थेंब थांबला तर गरम बाजूच गळतेय. कार्ट्रिज येईपर्यंत तो कॉक अंघोळीपुरताच उघडत जा, आणि कॉक बंद असताना गिझर सुरू करू नका.

बदलायचं काम अवघड नाही, फक्त घाई नको. भिंतीतल्या मिक्सरला बहुधा वेगळा अँगल कॉक नसतो, त्यामुळे बाथरूमचा मुख्य कॉक किंवा गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करावा लागेल. नळ उघडून पाइपातलं उरलेलं पाणी जाऊ द्या. टबच्या जाळीवर जुना टॉवेल घाला. बारीक स्क्रू तिथेच गडप होतात. दांडीवरची छोटी टोपी काढली की अ‍ॅलन कीचा स्क्रू दिसतो. दांडी निघते, मग वरचं कव्हर, मग पितळी रिंग नट, आणि त्याखाली कार्ट्रिज. ते उलटं करून बघा. बोअरचं पाणी येत असेल तर तळाच्या रबरी रिंगांभोवती पांढरा थर धरलेला असेल, आणि गळतीचं कारण बहुतेक तिथेच सापडेल. जुना नग सोबत घेऊनच इतवारीच्या बाजारात जा. ३५ आणि ४० मिलिमीटर हे दोन्ही माप सर्रास मिळतात, फोटोवरून फरक कळत नाही. नवं बसवताना आतली बैठक फडक्याने पुसून घ्या आणि नट बेताने आवळा.

मला ७५० रुपयांचा हा खर्च आवडतो तो प्लंबरची मजुरी वाचते म्हणून नव्हे. नळ उघडल्यावर बॉडी खरंच गेली आहे का, हे टाइल्स फोडण्याआधी कळतं. तुमच्या प्लंबरने नळ उघडून पाहिला होता का? न उघडताच आकडा सांगितला असेल तर तो अंदाज समजा. मुख्य कॉक पूर्ण बंद होत नसेल, नट जाम असेल किंवा भिंतीला ओल दिसत असेल, तर मात्र स्वतः हात घालू नका. दुसऱ्या प्लंबरला फक्त कार्ट्रिज बदलायला बोलवा.

एफडी मोडू नका. मोडली तर बँक जेवढे दिवस ठेव राहिली त्या मुदतीचा दर लावते आणि वर बहुधा अर्धा ते एक टक्का दंड कापते. तुमची ठेव ३१ महिने झाली आहे; ७ च्या जागी ६ टक्के मिळाले तर सुमारे सहा हजार रुपये जातील. ५ महिन्यांसाठी हे नुकसान कशाला? फारच घाई झाली तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट (ठेव तारण ठेवून बँकेकडून उचल) घ्या. त्याचा दर ठेवीपेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त असतो, पण ठेवीचं व्याज चालू राहतं.

मिस्टरांचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. ७८ वर्षांच्या माणसाने ओल्या टबच्या कडेवरून पाय टाकणं धोक्याचं आहे, आणि टब काढायला माझ्या मते एवढं एकच कारण पुरेसं आहे. गळणारा नळ हे कारण नाही. म्हणून या आठवड्यात नळासोबत भिंतीला स्टीलचा पकडदांडा बसवून घ्या आणि टबमध्ये रबरी मॅट टाका, किंवा सासऱ्यांची अंघोळ दुसऱ्या बाथरूममध्ये होऊ द्या. बाथरूमचं काम एफडी पिकल्यावर काढा. तोवर आणखी दोन कोटेशन मागवा. प्रत्येकात तोडफोड, वॉटरप्रूफिंग, टाइल्स आणि फिटिंग यांचे आकडे वेगळे लिहून घ्या, आणि वॉटरप्रूफिंगनंतर किमान २४ तास पाणी साठवून चाचणी करायची अट त्यातच घाला. खालच्या फ्लॅटचं छत ओलं झालं तर ते दुरुस्त करून द्यायचा खर्च तुमच्याच गळ्यात पडेल.