सेटअपला हात लावण्याआधी हे वाच
अरे सिम रेसिंगच्या गेममध्ये आधी गाडीच्या डिफॉल्ट सेटअपवर (गेमने दिलेल्या मूळ सेटिंगवर) सलग दहा लॅप मार, टाइम एकसारखे येईपर्यंत काही बदलू नकोस, कारण तोवर चूक गाडीची की तुझी तेच कळणार नाही. मग टायर प्रेशर बघ, पण पिटमधलं थंड नाही, तीन-चार लॅपनंतरचं गरम. एसीसीत (असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने या गेममध्ये) जीटी३ वर्गातल्या रेस गाड्यांच्या ड्राय टायरला साधारण २६-२७ पीएसआय लागतं, म्हणून सुरुवातीला कमीच ठेवायचं, गरम झाल्यावर वाढतंच. गाडी कोपऱ्यात पुढून सरळ निघून जात असेल तर फ्रंट अँटी-रोल बार (वळणात गाडीचं झुकणं कमी करणारी पुढची दांडी) एक क्लिक सॉफ्ट कर, एकच हां! मी एकदम पाच गोष्टी बदलायचो आणि मग काय बिघडलं तेच सापडायचं नाही 😅 यूट्यूबवरचे एलियन (म्हणजे अतिवेगवान ड्रायव्हर्सचे) सेटअप सध्या राहूदे, गाडीचं मागचं टोक लगेच घसरतं त्यात.