बापाने मारलं, घरातून हाकललं. आता पोळ्याला पाया पडायला जाऊ का?

विचारणाऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं: लहानपणापासून मार खाल्ला, आता त्याच गावात भाड्याच्या खोलीत राहतो, बापाचा आवाज कानावर पडला की हातपाय गार पडतात. हे कधी बरं होईल?

भाऊ, जाऊ नका. "मायबापच हायेत, पाया पड, सारं निवते" म्हणणारे तुम्हाला मार बसत होता तेव्हा कुठे होते?

समुपदेशनाच्या कामात या सल्ल्याने झालेलं नुकसान मी पाहिलं आहे. एका बाईचं सांगते, ओळखीच्या खुणा बदलून. महालक्ष्म्यांना काका-मामांनी बैठक बसवून तिला माहेरी नेलं. मारणारा भाऊ चारचौघांत म्हणाला, "झालं गेलं विसर." तिने मान हलवली, पंगत उठली, मिटलं. मग कापूस वेचताना ती पाथीतच थांबायला लागली. ओटी अर्धी भरलेली, हात बोंडावर, शेजारीण हाक मारते ते ऐकूच येत नाही. मजुरी किलोवर, त्यामुळे घरी बोलणी वेगळी. तो आळस नव्हता. जिथे पळताही येत नाही नि भांडताही येत नाही, तिथे शरीर गोठतं. लहानपणी त्या गोठण्यानेच तिला वाचवलं होतं. आता दाराची कडी वाजली तरी तेच सुरू होतं.

तिला कोणीतरी डोळे मिटून ध्यान करायला सांगितलं होतं. अशा वेळी डोळे मिटले की जुनंच दिसतं. डोळे उघडे ठेवायचे, चप्पल काढून टाचा मातीत दाबायच्या, माठातलं पाणी मनगटांवर नि मानेवर घ्यायचं, आजचा वार, गाव, स्वतःचं वय मोठ्याने म्हणायचं. श्वास चार मोजत आत, सहा ते आठ मोजत बाहेर, पाचेक मिनिटं. चक्कर आली तर मोजणं सोडा. हे रोज दोनदा, बरं वाटत असताना करायचं. घाबरल्यावर नवं काही आठवत नाही, सवयीचं तेवढं होतं.

अशा त्रासाला कॉम्प्लेक्स पीटीएसडी म्हणतात, म्हणजे वर्षानुवर्षं सोसलेल्या आघाताने जडणारा मानसिक आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजार-वर्गीकरणात ते वेगळं निदान आहे. जुनं पुन्हा घडतंय असं वाटणं, ते टाळणं, सतत सावध असणं, हे तर असतंच. शिवाय भावना आवरत नाहीत, आपण नालायक वाटतो, माणसांजवळ टिकता येत नाही. डॉक्टरांना हेही सांगा. नुसतं "झोप येत नाही" म्हटलं तर अल्प्राझोलाम या शांत करणाऱ्या, झोप आणणाऱ्या गोळीची चिठ्ठी मिळेल. तिची सवय लागते, मूळ तसंच राहतं. सर्ट्रालिनसारख्या नैराश्य-चिंतेवरच्या गोळ्यांचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, मधेच बंद करू नका. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो.

आणि "घरचं कोणी घेऊन या" म्हटलं तर बापाला न्यायची गरज नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १४ प्रमाणे साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून तुमच्या विश्वासाचा प्रौढ माणूस तुम्ही प्रतिनिधी नेमू शकता, त्याने डॉक्टरांकडे लेखी संमती दिली की झालं. मित्र चालतो.

माफी ही उपचाराची अट नाही. समेटाच्या पंगतीनंतर हक्कसोडपत्र, म्हणजे जमिनीतला तुमचा वाटा सोडल्याचा कागद, पुढे येतं, हेही लक्षात असू द्या. दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे दस्त नोंदणीच्या कचेरीत, "नुसती सही" करायला कोणाच्याही गाडीत बसू नका, वकिलाला दाखवल्याशिवाय तर नाहीच.

आईला भेटायचंच असेल तर वेगळी गोष्ट. ती भेट मावशीकडे, दिवसा, सोबत माणूस घेऊन. पोळ्याच्या तोरणाखाली बाप असणारच, तेव्हा त्या संध्याकाळी दुसऱ्या गावच्या मित्राकडे राहा. कधी बरं होईल याची तारीख कोणी देऊ शकत नाही. आधी झटका लवकर ओसरू लागतो, मग दोन झटक्यांतलं अंतर वाढतं. जुन्या आठवणी उकरायचं काम त्यानंतर, तेही जाणत्या माणसासोबतच.

जीव नकोसा वाटत असेल तर एकटे राहू नका. फवारणीचं औषध खोलीत ठेवू नका, वावराच्या मालकाकडे कुलपात राहू द्या. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.