मावळतीला शेतात बसून खरंच मन शांत होतं का? मराठवाड्यात त्यासाठी कुठं जावं?

जागेचं आधी सांगून टाकतो. पैठणला नाथसागराच्या काठी जा, नाहीतर औसा तालुक्यात खरोसा लेण्यांच्या टेकडीवर. पण फोटो काढून लगेच गाडीत बसणार असाल तर जाऊच नका. सूर्य टेकल्यापासून पुरता बुडायला सव्वादोन-अडीच मिनिटं लागतात. खरं बसायचं ते त्याच्यानंतरची वीसेक मिनिटं.

हे मी आमच्या अण्णांकडून शिकलो. २०१६ चा उन्हाळा होता. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, आमच्या गावात तेवढंही नव्हतं. विहीर फेब्रुवारीतच तळाला गेलेली, कडबा संपलेला. अण्णांनी देवणी जोडी हाळीच्या बाजारात विकली आणि घरी न येता सरळ शेतात गेले. मायनं मला मागं पाठवलं. "बघ रं, कुठं बसलेत." ती का घाबरली होती ते मला कळत होतं. त्या साली गावात कुणी कुणाला एकटं सोडत नव्हतं.

अण्णा मावळतीच्या धुऱ्यावर बसले होते, मांडीवर दोन्ही बैलांच्या म्होरक्या. गाठीत अडकलेले बैलाचे केस नखानं एकेक करून काढत होते, पांढरे वेगळे, काळे वेगळे. मी शेजारी बसलो. उन्हाळ्यात आमच्याकडं हवेत इतका फुफाटा असतो की सूर्य खाली यायच्या आधीच पितळेच्या ताटासारखा मंद होतो, उघड्या डोळ्यांनी बघता येतो. तो बुडाला. नांगरटीची ढेकळं तांबूस झाली, मग जांभळट, मग रान पुन्हा काळं. अण्णा उठले. "चल, मायनं दिवा लावला आसंल." घरी येऊन दोन भाकरी खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गाळ काढायला विहिरीत उतरले.

दादा पुण्यात असतो. तो आजही म्हणतो, अण्णा त्या दिवशी हातपाय गाळून बसले होते, मावळतीकडं बघून पोट भरत नाही. अरे, पोट भरत नाही हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पण तेवढा अर्धा तास त्यांना कुणी बैलांचा भाव विचारला नाही, सोसायटीचं कर्ज विचारलं नाही. दिवसभर हिशोब देणाऱ्या माणसाला तेवढं मिळायलाच पाहिजे. माझ्या मते शांती म्हणतात ती हीच, निसर्गसौंदर्य वगैरे नंतर.

तेव्हा फोन घरी ठेवा, बडबड्या माणसाला सोबत नेऊ नका, दिवेलागण होईपर्यंत हलू नका. पावसाळ्यात बॅटरी न्या, धुऱ्याला साप असतात. आणि हो, जीवच नकोसा झाला असेल तर एकट्यानं बसू नका. मायनं मला मागं पाठवलं ते उगाच नाही. घरचं कुणी शेजारी असू द्या, किंवा टेलिमानस या मानसिक आधाराच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत.

यंदा दिवाळीला दादा आला की त्याला त्याच धुऱ्यावर नेणार आहे. त्या दिवसांत सूर्य सहाच्या आतच मावळतो, म्हणजे चहा झाला की लगेच निघावं लागेल.